रीस्टार्टची वेळ तू ठरव

रीस्टार्ट कायमचा बंद करून दे म्हणतेस. नाही देणार. फुगून बसलीस तरी चालेल.

तुझा संताप मला कळतो गं. अकरा तारीख, संध्याकाळी सातची वेळ, जीएसटीआर-1 मध्ये शेवटची दोन-तीन बिलं चढवायची राहिलेली, क्लायंटचा फोन खांद्यात धरलेला, आणि समोरचा पडदा एकदम जातो. मग ते गोल गोल फिरणारं चक्र, ‘वर्किंग ऑन अपडेट्स’ आणि टक्के. बारा टक्के. चौदा टक्के. आपण नुसतं बघत बसायचं. त्या वेळी कुणीही ‘हे कायमचं बंद करा’ असंच म्हणेल. पण कोपऱ्यावरच्या दुकानातल्या पोराकडून तू अपडेटची सर्व्हिसच बंद करून घेणार आहेस ना, तेवढं करू नकोस. रीस्टार्ट टळत नसतो, त्याची वेळ मात्र आपल्या हातात घेता येते. ती कशी घ्यायची ते आज नीट सांगते. चहा घे आणि वाच.

मुळात हा रीस्टार्ट लागतो कशाला? विंडोजमध्ये जी फाईल चालू आहे, वापरात आहे, तिला सहसा हात लावता येत नाही. माणूस गादीवर गाढ झोपलाय आणि तुला चादर बदलायची आहे. त्याला उठवल्याशिवाय ती निघणारच नाही. विंडोजच्या पोटातल्या कितीतरी फायली मशीन सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत अशाच वापरात असतात. मग अपडेट काय करतं, तर नव्या फायली आणून बाजूला ठेवतं आणि ‘अमुक काढा, तिथे तमुक ठेवा’ अशी नोंद करून ठेवतं. ही अदलाबदल होते मशीन पुन्हा सुरू होताना, तुझा पासवर्ड विचारणारा पडदा येण्याच्याही आधी. लिनक्सवाले या बाबतीत जरा सुखी आहेत, तिथे चालू फाईलच्या जागी नवी ठेवता येते. पण कर्नल बदललं की सहसा त्यांनाही रीस्टार्ट चुकत नाही.

म्हणजे अपडेट उतरलं, इन्स्टॉल झालं, पण तू रीस्टार्ट लांबवत राहिलीस, तर तोवर मशीन जुन्याच फायलींवर चाललेलं असतं. जे भोक बुजवायला अपडेट आलं ते उघडंच. हे मी घाबरवायला सांगत नाही. 2017 मध्ये 14 मार्चला मायक्रोसॉफ्टने एक दुरुस्ती दिली होती. 12 मे ला वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला तो नेमका त्याच भोकातून. जवळजवळ दोन महिने औषध उपलब्ध होतं आणि हजारो मशीनांनी ते घेतलेलं नव्हतं. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना ऑपरेशनं पुढे ढकलावी लागली. तुझ्या मशीनवर लोकांचे पॅन नंबर आहेत, बँकेची स्टेटमेंटं आहेत, डिजिटल सहीचं टोकन लावलेलं असतं. अपडेट कायमचं बंद करून तू कुणाची सोय करशील ते तूच बघ.

आता कॅलेंडर काढ.

सुरक्षेची अपडेट्स सहसा कधीही टपकत नाहीत, त्यांची तिथी ठरलेली आहे. 2003 च्या ऑक्टोबरपासून मायक्रोसॉफ्टने दर महिन्याचा दुसरा मंगळवार धरलाय. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजले की ती बाहेर पडतात. आपल्याकडे तेव्हा मंगळवारचे रात्रीचे साडेदहा, आणि त्यांच्या हिवाळ्यात साडेअकरा. म्हणजे आपल्यासाठी बुधवारच. सकाळी तू मशीन चालू करतेस, उदबत्ती लावतेस, आणि ते मागच्या मागे डाउनलोड सुरू करतं.

दुसरा मंगळवार नेहमी 8 ते 14 तारखांमध्येच पडणार. आणि तुझ्या धंद्यात 8 ते 14 मध्ये काय असतं? महिन्याच्या महिन्याला भरणाऱ्यांचा जीएसटीआर-1 अकरा तारखेला, तिमाहीवाल्यांचा तेराला. घातवार म्हणतात तो हाच. 2026 मध्ये तर फेब्रुवारी, मार्च आणि नोव्हेंबर या तिन्ही महिन्यांत दुसरा मंगळवार दहा तारखेला आहे, म्हणजे अपडेट दहाच्या रात्री आणि तुझी मुदत अकराला. यात मायक्रोसॉफ्टचं काही कारस्थान नाही, जीएसटी कौन्सिलचंही नाही. दोघांना एकमेकांचा पत्ता नाही इतकंच. पण तुला दोघांचाही पत्ता आहे ना? मग तू मध्ये पड.

मध्ये पडायचं ते असं. सेटिंग्जमध्ये जा, डावीकडे सर्वांत खाली ‘विंडोज अपडेट’. तिथे ‘पॉज अपडेट्स’ असतं. विंडोज 11 मध्ये एका आठवड्यापासून पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं. तू एकच आठवडा घे. महिन्याच्या आठ तारखेला सकाळी पहिलं काम हे. आठवडाभर मशीन गप्प बसेल, तुझे रिटर्न जातील, आणि पंधरा-सोळाला तू स्वतःहून ‘रिझ्यूम’ दाबायचं. पाच आठवडे घ्यायचा मोह होईल, होऊ दे, घेऊ नकोस. एवढं लांबवलं की मुदत संपताना दोन महिन्यांचं एकदम अंगावर येतं, आणि ते घेतल्याशिवाय पुन्हा पॉज करू देत नाही.

या एका आठवड्याचा आणखी एक फायदा आहे, तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. नवं अपडेट कधीकधी स्वतःच बिघाड घेऊन येतं. 2018 च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज 10 चं मोठं अपडेट आलं आणि काही लोकांच्या डॉक्युमेंट्समधल्या फायलीच उडाल्या. मायक्रोसॉफ्टला काही दिवसांतच ते थांबवावं लागलं. अशा वेळी रांगेत सर्वांत पुढे उभं राहण्यात काही शहाणपण नसतं. पुढच्यांना ठेच लागू दे, आपण मागून जाऊ. म्हणून त्याच पानावरचं ‘नवी अपडेट्स उपलब्ध होताच मिळवा’ अशा अर्थाचं बटण आहे ना, ते बंदच ठेव. महिन्याच्या उत्तरार्धात ‘प्रिव्ह्यू’ म्हणून जी ऐच्छिक अपडेट्स दिसतात त्यांनाही हात लावू नकोस. आपण दाबल्याशिवाय ती येत नाहीत.

आता त्या सात वाजताच्या रीस्टार्टचं कारण. दिवाळीत तुझ्याकडे आले होते तेव्हा तुझ्या मशीनवर ‘अॅक्टिव्ह अवर्स’ पाहिले होते: सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. कचेरीची वेळ! विंडोजने मुळात दिलेली हीच. या वेळात ते स्वतःहून रीस्टार्ट करत नाही. पण तुझं खरं काम सुरू होतं क्लायंट आपापली दुकानं बंद करून बिलांचे फोटो पाठवतात तेव्हा, म्हणजे साडेसहानंतर. विंडोजच्या हिशेबी तू तेव्हा घरी गेलेली असतेस. त्याला काय माहीत तू घरातच बसून ऑफिस चालवतेस.

‘विंडोज अपडेट’च्याच पानावर ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, त्यात ‘अॅक्टिव्ह अवर्स’. ‘ऑटोमॅटिकली’ असेल तर ते तुझ्या वापरावरून अंदाज बांधतं. महिनाभर उशिरापर्यंत बसणाऱ्या आणि मग आठवडाभर गावाला जाणाऱ्या तुझ्यासारखीचा अंदाज त्याला काय लागणार! ‘मॅन्युअली’ कर आणि सकाळी सात ते रात्री एक टाक. अठरा तासांपेक्षा जास्त देता येत नाहीत. 2016 मध्ये ही सोय आली तेव्हा तर बाराच मिळायचे, लोकांनी ओरडा केल्यावर पुढच्या वर्षी अठरा झाले.

त्याच पानावर आणखी दोन बटणं आहेत, ती एकमेकांच्या उलट आहेत म्हणून लक्ष देऊन बघ. ‘गेट मी अप टु डेट’ हे बंद पाहिजे. ते चालू असेल तर अॅक्टिव्ह अवर्स वगैरे काही न जुमानता पंधरा मिनिटांची नोटीस देऊन मशीन रीस्टार्ट होतं. नाव गोड आहे, कुणीही चालू करेल. आणि ‘रीस्टार्ट लागणार असेल तेव्हा मला कळवा’ अशा अर्थाचं दुसरं, ते मात्र चालू कर. मग घड्याळाशेजारी खूण दिसते आणि आपल्याला आधी कळतं.

ती खूण दिसली की तू काय करतेस ते मला माहीत आहे. ‘नंतर’. दुसऱ्या दिवशी ‘नंतर’. तिसऱ्या दिवशी न वाचताच बंद. असं टोलवत राहिलं की मग एके दिवशी ते तुला विचारत बसत नाही. त्यापेक्षा ‘शेड्यूल’ दाब आणि वार-वेळ देऊन टाक. शनिवारी रात्री साडेनऊ म्हण. जेवायला उठताना सगळं सेव्ह कर, खिडक्या बंद कर, आणि बरोब्बर साडेनऊची वाट बघण्यापेक्षा स्वतःच रीस्टार्ट दाबून ताटावर बस. परत येशील तेव्हा झालेलं असेल.

आणि हो, शट डाउन म्हणजे रीस्टार्ट नव्हे, हे फार जणींना माहीत नसतं. ‘मी तर रोज रात्री बंद करते गं’ असं वहिनी मला नेहमी सांगते. विंडोज 8 पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. बंद करताना विंडोजचा गाभा जसा आहे तसा डिस्कवर लिहून ठेवला जातो आणि सकाळी तोच उचलून पुन्हा मांडला जातो. लवकर सुरू होतं, पण नव्याने सुरू होत नाही. नव्याने होतं ते ‘रीस्टार्ट’ दाबल्यावर. अपडेट बाकी असेल तेव्हा मेनूत ‘अपडेट अँड शट डाउन’ दिसतं, ते चालतं. मध्ये बरीच वर्षं ते दाबलं तरी काही मशीनं अपडेट करून बंद व्हायच्याऐवजी पुन्हा चालू होऊन रात्रभर बसायची. 2025 च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने ते एकदाचं दुरुस्त केलं.

तुझं मशीन विंडोज प्रो आहे की होम? स्टार्टमध्ये इंग्रजीत ‘विनव्हर’ टाईप केलंस की एक छोटी खिडकी उघडते, तिच्यात लिहिलेलं असतं. प्रो असेल तर आणखी एक पक्का बंदोबस्त आहे. ‘जीपीएडिट डॉट एमएससी’ उघड. कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, अॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कंपोनंट्स, विंडोज अपडेट. विंडोज 11 मध्ये त्याच्याही आत ‘लेगसी पॉलिसीज’. तिथे ‘नो ऑटो-रीस्टार्ट विथ लॉग्ड ऑन युजर्स’ असं सुरू होणारं लांबलचक नाव सापडेल. ते ‘एनेबल्ड’ कर. याचा अर्थ, कुणीतरी लॉगिन करून बसलेलं असेपर्यंत अपडेटने परस्पर रीस्टार्ट करायचं नाही. पण एक मेख आहे. ही पॉलिसी एकटी चालत नाही. ‘कॉन्फिगर ऑटोमॅटिक अपडेट्स’ ही दुसरी एनेबल करून तिच्यात चौथा पर्याय, म्हणजे आपोआप डाउनलोड आणि ठरल्या वेळी इन्स्टॉल, निवडावा लागतो. बहुतेक जण पहिली करतात, दुसरी सोडतात आणि मग ‘काही उपयोग झाला नाही’ म्हणून कुरकुरतात. होममध्ये हे पान नसतं. तिथे रजिस्ट्रीत हात घालायला सांगणारे व्हिडिओ शेकड्याने मिळतील. तू घालू नकोस. तुला अॅक्टिव्ह अवर्स आणि पॉज एवढं पुरे आहे.

व्हिडिओंचं निघालंच आहे म्हणून सांगते. ‘एका क्लिकमध्ये अपडेट कायमचं बंद’ म्हणणाऱ्या त्या फायली असतात ना, त्या चालवायच्या नाहीत. एक तर अॅडमिनचा अधिकार मागणारी, कुणा अनोळखी दादाने लिहिलेली फाईल हिशेबाच्या मशीनवर चालवणं म्हणजे तिजोरीची चावी वाटसरूच्या हातात देणं. दुसरं, विंडोज ती बंद केलेली सर्व्हिस आणि काढलेलं रीस्टार्टचं काम थोड्या दिवसांनी पुन्हा उभं करतं. मग पुन्हा व्हिडिओ, पुन्हा क्लिक. आयुष्यभर हाच उद्योग.

आता सॉफ्टवेअर इन्स्टॉल करतानाचे रीस्टार्ट. त्यांचं दुखणं वेगळं आहे. प्रिंटरचा ड्रायव्हर, अँटिव्हायरस, डॉट नेट फ्रेमवर्क, टोकनचा ड्रायव्हर, यांतलं काहीही टाकलं की शेवटी खिडकी येते: आत्ता रीस्टार्ट करू का नंतर? गंमत म्हणजे ‘आत्ता’च्या गोळ्यात टिंब आधीच भरलेलं असतं, आणि आपला हात ‘फिनिश’वर गेलेला असतो. इन्स्टॉल करताना ‘नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट’ हे मनगटाला लागलेलं वळण शेवटच्या पानावर महागात पडतं. त्या एका पानावर माउसवरचं बोट उचल. वाच. ‘नंतर’वर टिंब ने. मग फिनिश.

काही इन्स्टॉलर तेवढंही विचारत नाहीत. एमएसआय प्रकारची फाईल असेल तर कमांड प्रॉम्प्टमधून चालवताना शेवटी स्लॅश लावून इंग्रजीत ‘नोरीस्टार्ट’ लिहायचं, मग ती मशीनला हात लावत नाही; काम झालं पण रीस्टार्ट बाकी आहे हे ती 3010 हा आकडा परत देऊन सांगते. आमच्या ऑफिसात एकदम बऱ्याच मशीनांवर काही टाकायचं असलं की हाच मार्ग. तुला एरवी लागायचं नाही, पण तुमच्याकडे इन्स्टॉलेशनला येणारा माणूस तुझ्या अकरा तारखेला मशीन अडवून बसला तर त्याला हा शब्द ऐकव. बघ कसा सरळ होतो.

पण ‘नंतर, नंतर’ म्हणत एकामागून एक चार गोष्टी टाकत सुटायचं नाही. मघाशी ती अदलाबदलीची नोंद सांगितली ना, ती रजिस्ट्रीत पडून असते. काही इन्स्टॉलर सुरुवातीलाच ती तपासतात आणि बाकी दिसली की ‘आधी रीस्टार्ट करा’ म्हणून अडून बसतात. एसक्यूएल सर्व्हरचा सेटअप याच्यासाठी नावाजलेला आहे. म्हणून ड्रायव्हर, अँटिव्हायरस असली जडशीळ कामं आधी, मग एक रीस्टार्ट, मग बाकीचं. आणि हे सगळं वीस तारखेचा जीएसटीआर-3बी गेल्यानंतर. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात मशीनवर नवं काही टाकायचंच नाही, प्रिंटर कितीही स्वस्तात मिळत असो.

समजा सगळं करूनही ‘एका मिनिटात मशीन बंद होत आहे’ अशी पट्टी आली. घाबरून पोर्टलवरचं सबमिट घाईत दाबू नकोस. विंडोजचं चिन्ह असलेली कळ धरून आर दाब, छोटा चौकोन येईल, त्यात इंग्रजीत ‘शटडाउन’, एक स्पेस, स्लॅश आणि ए. एंटर. उलटी गिनती चालू असेल तर थांबते. प्रत्येक वेळी चालेल असं नाही, विंडोजचं स्वतःचं अपडेट बधेलच असं नाही. पण एखाद्या इन्स्टॉलरने लावलेलं घड्याळ सहसा थांबतं.

आणि एकदा का टक्के सुरू झाले, की मग मात्र काही करायचं नाही. रिटर्न राहिलं, राहू दे, फोनवरून क्लायंटला सांग. पॉवरचं बटण दाबून धरायचं नाही. अर्ध्यात वीज तोडली की बहुतेक वेळा विंडोज मागचं पूर्ववत करून सावरतं, पण ‘बहुतेक वेळा’वर हिशेब सोडायचे नसतात. शिवाय हल्ली लॅपटॉपच्या बायोसची अपडेट्सही विंडोज अपडेटमधूनच येतात, आणि बायोस अर्ध्यावर राहिला तर मशीनच उठत नाही. म्हणून रीस्टार्ट करताना लॅपटॉपला चार्जर आणि डेस्कटॉपला यूपीएस हवाच. घरच्या इन्व्हर्टरवर भिस्त ठेवू नकोस. साधा इन्व्हर्टर वीज गेल्यावर बदलायला क्षणभर घेतो आणि तेवढ्यात डेस्कटॉप मान टाकू शकतो. पंखा फिरतच राहतो म्हणून आपल्या लक्षात येत नाही.

रीस्टार्टने नुकसान होतं ते सेव्ह न केलेल्याचं. तुझ्या टॅलीत व्हाउचर पूर्ण करून स्वीकारलंस की ते लिहिलं गेलं. अर्धवट भरलेलं तेवढं जातं. म्हणून पन्नास ओळींचं एकच अगडबंब व्हाउचर उघडं ठेवून जेवायला जायचं नाही. आणि रोज उठताना ऑल्ट वाय, बॅकअप, तोही दुसऱ्या ड्राइव्हवर. एक्सेल आणि वर्ड दर दहा मिनिटांनी स्वतःची एक प्रत ठेवतात, पण दहा मिनिटांत तू किती टाईप करतेस ते तुला ठाऊक आहे. कंट्रोल एस हे बोटात भिनलं पाहिजे. ब्राउझरचे टॅब परत येतात, त्यांतलं भरलेलं येत नाही. जीएसटीच्या पोर्टलवर तर पुन्हा लॉगिन, पुन्हा कॅप्चा, आणि डिजिटल सही करणार असशील तर त्यासाठीचं एमसाइनर चालू आहे ना ते पुन्हा बघायचं. म्हणून तिथे प्रत्येक टेबल भरलं की ‘सेव्ह’. सगळं भरून मग सेव्ह करते म्हणायचं नाही.

हे सगळं वाचून तुला वाटेल केवढा हा उपद्व्याप. तुझ्यासाठी आहे, कारण तुला मुदती आहेत. आईच्या लॅपटॉपला मी यातलं काही केलेलं नाही. सगळं ऑटोमॅटिक. ती कीर्तनं बघते, भिशीचा हिशेब लिहिते, रात्री केव्हातरी ते आपलं आपण रीस्टार्ट होतं, तिला पत्ताही नसतो. मोठ्या कंपन्यांची तर आणखी मजा आहे. त्यांच्या विंडोज 11 एंटरप्राइझला आता हॉटपॅच मिळतं, म्हणजे चालू मशीनच्या मेमरीतच दुरुस्ती. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर एवढ्याच महिन्यांच्या अपडेटला रीस्टार्ट लागतो, बाकी आठ महिने त्याशिवाय निभतं. आपल्यासारख्या घरगुती गिऱ्हाइकांना ते नाही. मिळेल तेव्हा बघू.

भाऊजी मात्र परवा मोठ्या ऐटीत म्हणत होते, की माझं जुनं मशीन बरं, हल्ली अपडेटच मागत नाही. त्यांना सांग, त्यांचं विंडोज 10 आहे आणि 14 ऑक्टोबर 2025 ला त्याचा सपोर्ट संपला. वाढीव मुदतीसाठी वेगळी नोंदणी केलेली नसेल तर सुरक्षेचं अपडेट येतच नाही, मग मागणार काय? त्या मशीनवरून बँकेचं काही करत असतील तर तेवढं थांबव.

राहता राहिला तो दुसरा प्रकार, दुपारी मशीन अचानक बंद होऊन पुन्हा सुरू झालं म्हणालीस तो. त्याचं खापर अपडेटवर फोडण्याआधी जरा तपास. स्टार्टमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ शोध. विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टीम. पुष्कळ ओळी दिसतील, त्यांतल्या पिवळ्या-लाल खुणांना भिऊ नकोस, निरोगी मशीनवरही त्या असतात. उजवीकडे ‘फिल्टर करंट लॉग’ आहे, तिथे इव्हेंट आयडीच्या जागी 1074, 6008 आणि 41 हे तीन आकडे स्वल्पविराम देऊन टाक आणि त्या दुपारची वेळ गाठ. 1074 असेल तर कुणीतरी रीतसर रीस्टार्ट करायला सांगितलंय. खालच्या चौकटीत कुणी ते प्रोग्रॅमच्या नावासकट लिहिलेलं असतं. तिथे ‘ट्रस्टेड इन्स्टॉलर’ किंवा नावात ‘यूएसओ’ असलेलं काही दिसलं तर अपडेट. दुसरंच कुठलं सेटअपचं नाव दिसलं तर त्या दिवशी काय टाकलंस ते आठव. पण 1074 नसेलच आणि नुसते 41 आणि 6008 असतील, तर मशीनला बंद व्हायला कुणी सांगितलेलंच नाही, ते मेलंय. वीज, तापलेला प्रोसेसर, धुळीने भरलेला पंखा, नाहीतर टेबलाखालचा तो एक्स्टेंशन बोर्ड, ज्यात तू मिक्सरही लावतेस. ओळीचा फोटो काढून मला व्हॉट्सअॅपवर पाठव. 1074 निघाला तर मी बघते. 41 निघाला तर इलेक्ट्रिशियनला बोलाव, आणि तोवर मिक्सर स्वयंपाकघरात ने.